आपद्ग्रस्त शिवारात पहिला एकर

सन २०२५ च्या भाद्रपद-आश्विनात मराठवाड्यावर आणि त्यास लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यावर जो अतिवृष्टीचा प्रसंग गुदरला, त्याची हकिगत वर्तमानपत्रांतून पुष्कळ आली आहे. ती येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. सीनेने परांडा, करमाळा, माढा या बाजूस पात्र सोडले, मांजरा व तेरणा फुगल्या, ओढेनाले नद्यांप्रमाणे वाहिले. उभे सोयाबीन शेंगेतच कुजले, दावणीची गुरे वाहून गेली, आणि पुष्कळ ठिकाणी पिकाबरोबर पिकाखालची जमीनही गेली. पीक गेले तर पुढील मृगावर आशा ठेवता येते. जमीन गेली तर आशा कशावर ठेवावयाची, हा प्रश्न मोठा आहे, आणि तोच आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

अशा प्रसंगानंतर गावोगाव शेती पुन्हा उभारण्याच्या योजना निघतात. सरकार योजना काढते, परोपकारी मंडळ्या काढतात, कधी एखादी साखर कारखान्याची मंडळीही पुढे होते. हेतू सर्वांचे चांगलेच असतात. परंतु योजना म्हटली की आधी फलक लागतो, मग फीत कापली जाते, मग फुकट रोपे वाटली जातात, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्या रोपांच्या काठ्या चुलीत गेलेल्या दिसतात. हे आम्ही उपहासाने लिहीत नाही. अशा समारंभांच्या खुर्च्या मोजण्याचे काम आम्ही स्वतः केले आहे. आमचे म्हणणे एवढेच की ज्या खातेदाराची पाच एकर जमीन बिघडली, त्याने पाचही एकर एकदम सुधारण्याच्या नादी लागू नये. आधी एक एकर, तोही पाण्याजवळचा व त्यातल्या त्यात बरा, पुरता उभा करावा. त्यात घरच्या पोटाची पिके घ्यावीत. आणि त्याचा कारभार घरच्या बाईच्या हाती द्यावा. शेवटचे कलम वाचून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल हे आम्ही जाणून आहो. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा एवढी विनंती आहे.

आमची सारी हयात महसूल खात्यात आकडे मांडण्यात गेली. त्यामुळे कोणत्याही नुकसानीचा आधी हिशेब करून पाहावा, अशी खोड जडली आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून एक इंच माती गेली तर ३,६३० घनफूट गेली. १०० घनफुटांच्या ब्रासने ती ३६ ब्रासांहून अधिक भरते. फूटभर माती गेली असल्यास ४३५ ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत एक ब्रास माती मावते असे धरले, तर एवढा एकर पूर्ववत करण्यास सव्वाचारशेहून अधिक खेपा पाहिजेत. ही माती ओढ्याने एका रात्रीत नेली. निसर्गास ती घडविण्यास किती पिढ्या लागल्या असतील, याचा अंदाज ज्याने विहीर खणताना काळी, पांढरी, मुरूम आणि खडक असे थर पाहिले आहेत त्यास सांगावयास नको.

आता रुपयांचा हिशेब पाहू. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत खरवडून गेलेल्या जमिनीस हेक्टरी ४७,००० रुपये रोख व त्याशिवाय हेक्टरी ३ लाख रुपयांची कामे रोजगार हमीतून, असे ठरले. पाच एकर म्हणजे अदमासे दोन हेक्टर. त्याचे रोख ९४,००० रुपये झाले. फूटभर माती भरण्याचा विचार सोडून द्यावा. केवळ दोन इंच गाळ पाचही एकरांत पसरावयाचा म्हटले तरी ३६३ खेपा होतात, आणि एका खेपेच्या वाट्यास २५९ रुपये येतात. गाळ उपसणे, भरणे, वाहणे आणि पसरणे इतके काम तेवढ्या रकमेत कोण करून देईल? ज्यास ट्रॅक्टरचे भाडे ठाऊक आहे त्याने आपल्या मनाशीच उत्तर द्यावे. तीच रक्कम एका एकरास लावली तर खेपा ७३ होतात, आणि खेपेस सुमारे १,२९० रुपये पडतात. गाळ जवळच्या तलावातून मिळाला, तर त्यातूनच खतास व बियाण्यास काही उरते. २०१७ पासून धरणातील व तलावातील गाळ शेतकऱ्याने नेण्यास सरकारचे उत्तेजन आहे, त्याचाही उपयोग येथे करता येतो.

म्हणजे एका एकराचा आग्रह आम्ही तत्त्वज्ञानातून काढलेला नाही, तो त्रैराशिकातून निघालेला आहे. पैसा पाच ठिकाणी विखुरला तर पाचही एकर अर्धवट राहतात. पुढील पावसाळ्यात ती पातळ माती पुन्हा वाहून जाते आणि खातेदार कर्जासह पहिल्या जागी येतो. रोजगार हमीचा भाग हातात रोख येत नसून कामाच्या रूपाने येतो, हे ध्यानात ठेवून तो बांधबंदिस्ती, ताली, ओढ्याची दरड बांधणे यांकडे वळवावा. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडिलांच्या पिढीने खडी फोडली. त्या खडीचे रस्ते कधीच उखडले, परंतु त्याच काळी घातलेले काही बांध आजही पाणी अडवितात.

आता इतिहासाकडे वळतो. कारण मराठवाड्यावर अशी आपत्ती प्रथमच आलेली नाही, आणि मागल्या वेळी काय केले व काय राहून गेले याचा पडताळा आपल्यापुढे आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी व सास्तूर भागांत भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन होऊन लोक नुकतेच निजले होते. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर हातभर मातीची माळवदे. ती निजलेल्यांच्या अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. आम्ही त्या वेळी नोकरीत नवखे होतो व याद्या करण्याच्या कामी त्या बाजूस पाठविले गेलो होतो. हातात तक्ता होता. मयत किती, जखमी किती, घर कसले, जनावरे किती, असे रकाने होते. एका ढिगाऱ्यापुढे बसलेल्या म्हातारीने आमचे लिहिणे संपेपर्यंत वाट पाहिली आणि विचारले, "बाबा, घर लिहिलंस, बैल लिहिलास, माणसं लिहिलीस. कणगीतलं बी कुठं लिहिलंस?" आमच्या तक्त्यात तो रकाना नव्हता. "वरिष्ठांस कळवू," असे काहीसे आम्ही बोललो. कळविले नाही. त्या गर्दीत कळविण्याजोगे वाटलेही नाही.

पुढे घरे बांधली गेली, आणि ती मोठ्या नेटाने बांधली गेली, हे कोणीही मान्य करील. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. जागतिक बँकेचे साहाय्य मिळाले, अनेक संस्थांनी गावे दत्तक घेतली. घराचे माप जमिनीवर ठरले: भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंतच्या खातेदारास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, त्यावरील खातेदारास ७५०. सातबारा उतारा हातात घेऊन कुटुंबे घराच्या रांगेत उभी राहिली. परंतु नवी गावे वसली ती पुष्कळशी शेतजमिनीवरच. रस्ते सरळ, घरे शहरातील वसाहतीप्रमाणे रांगेने. जुन्या वाड्यातील गोठा, कडब्याची गंज, उकिरडा, परसातला भोपळ्याचा वेल यांस त्या आखणीत जागा नव्हती. शेत जुन्या शिवारातच राहिले, घर दूर गेले. आखणी करणाऱ्यांनी शेतकऱ्याचे घर हे केवळ निजण्याची जागा मानले. आपल्या वाचकांस ठाऊक आहे की शेतकऱ्याच्या घराचा निम्मा भाग हा कारखाना असतो.

याचा परिणाम एकाएकी दिसला नाही, आणि जो दिसला त्यास भूकंप हेच एक कारण होते असेही आम्ही म्हणत नाही. त्याच वर्षांत सोयाबीन आले. शंभर-सव्वाशे दिवसांत पैसा देणारे पीक पाहून कोणाचे मन वळणार नाही? लातूरची बाजारपेठ जवळ, व्यापारी दारी येतो. ज्वारी, मूग, उडीद, करडई, जवस ही पिके बांधाकडे सरकली आणि मग बांधावरूनही गेली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी गुरे गेली. गुरे गेली तसे शेणखत गेले. शेणखत गेले तशी काळ्या जमिनीची पाणी धरण्याची शक्ती खालावली. ज्यास विहिरीचे वा कालव्याचे पाणी मिळाले त्याने ऊस लावला. या साखळीतील प्रत्येक कडी शेतकऱ्याने स्वतःच्या फायद्याचा विचार करूनच जोडली, आणि त्या त्या वेळी तो विचार चुकीचाही नव्हता. परंतु साखळी पुरी झाली तेव्हा असे दिसून आले की शेतकऱ्याच्या घरी डाळ, तेल, भाजी आणि बियाणे ही चारही दुकानातून येत आहेत.

मग २०१२ पासून अवर्षणे सुरू झाली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारांनी रब्बी झोडपली, त्यानंतरची दोन वर्षे पुन्हा कोरडी गेली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूर शहरास पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता.

याच अवर्षणाच्या काळात त्याच भूकंपग्रस्त मुलखात एक गोष्ट घडली, जिची आपल्यासारख्या मासिकांनी पुरेशी दखल घेतली नाही. भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या कामी गावोगावच्या स्त्रियांस संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले होते. लोकांस भूकंपात टिकणारे बांधकाम समजावून देणे, अनुदान कसे मिळते ते सांगणे, कामावर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम होते. कै. प्रेमा गोपालन यांनी उभारलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने हे काम संघटित केले. घरे संपली तरी त्या बायांचे गट मोडले नाहीत. बचत, आरोग्य, पाणी अशी कामे करीत करीत अवर्षणात त्या शेतीवर आल्या, आणि त्यांनी आपल्या घरच्या पुरुषांकडे अर्धा ते एक एकर मागितला. त्यात काय पेरावयाचे ते आम्ही ठरवू, एवढीच अट. त्या तुकड्यात त्यांनी भाजीपाला, कडधान्ये, तृणधान्ये अशी अनेक पिके एकत्र घेतली. घरचे बी, शेणखत, गांडूळखत व घरी केलेली औषधे वापरली. पाणी जपून घातले. घरचे भागवून उरले ते बाजारात नेले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून दिले जाणारे 'इक्वेटर' पारितोषिक या संस्थेस मिळाले. पारितोषिकाने शेती पिकत नाही हे खरे. पण ज्या वर्षी शहरास पाणी आगगाडीने येत होते त्या वर्षी अशा तुकड्यांतून घरी भाजी व डाळ येत होती, ही गोष्ट पारितोषिकाहून मोठी आहे.

आता आक्षेपांकडे येतो. आमच्या पारावरील मंडळींनी ते सर्व आम्हांस तोंडावरच ऐकविले आहेत.

एक आक्षेप असा की एका एकराने पोट भरत नाही. खरे आहे. कोरडवाहू एकराने पाच माणसांच्या कुटुंबाची वर्षाची भाकरी भागत नाही, आणि ती भागेल असे सांगणारा मनुष्य एक तर शेतकरी नव्हे किंवा व्याख्याता आहे. आम्ही एवढेच म्हणतो की वर्षाची डाळ, बराचसा भाजीपाला, थोडे तेल, काही महिन्यांची ज्वारी, एका गाईचा कडबा आणि पुढील पेरणीचे बी, इतके त्यातून निघावे. आपत्तीच्या वर्षी रोख पैसा ज्या वाटांनी घरातून जातो, त्यांतील ह्या मोठ्या वाटा आहेत. सावकाराकडे मनुष्य प्रथम जातो तो बहुधा बियाण्यासाठी व किराण्यासाठी, ट्रॅक्टरसाठी नव्हे. बाकीच्या चार एकरांत, जसजसे ते सुधारतील तसतसे, त्याने खुशाल सोयाबीन करावे. आमचे सोयाबीनशी वैर नाही.

दुसरा आक्षेप असा की बाईच्या मागे आधीच कामे थोडी आहेत काय? हा आक्षेप पुरुषांनी घ्यावा याचे आम्हांस थोडे हसू येते. निंदणी, खुरपणी, वेचणी, मळणीची झाडलोट ही कामे ती आजही करते. फरक इतकाच की काय पेरावे, किती विकावे आणि आलेल्या पैशाचे काय करावे हे तिला कोणी विचारीत नाही. कामाचा भार वाढवा असे आम्ही म्हणत नाही, कामाबरोबर अधिकार द्या असे म्हणतो. घरात डाळ किती लागते, कोणता वाल लवकर शिजतो, कोणत्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ राहते, हे जिला ठाऊक ती पोटाच्या एकराची पेरणी ठरविण्यास अधिक योग्य, हे समजण्यास फार विद्वत्ता नको.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मनात असतो. आज एकराचा कारभार दिला, उद्या ती नाव लावा म्हणेल. आमचे उत्तर असे की तिने म्हणावे, आणि आपण लावावे. येथे आम्हांस आमच्या नोकरीतील एक प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका गावी पुराच्या पंचनाम्यास गेलो असता एका बाईने आपले शेत दाखविले. नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. पेरणीपासून काढणीपर्यंत सर्व ती करीत होती, बांधाबांधाची तिला माहिती होती. उताऱ्यावर नाव सासऱ्याचे, तोही मयत. वारसाची नोंद दिरांच्या भांडणात अडकलेली. शेत तिचे वाहून गेले, पंचनामा आम्ही केला, आणि मदतीची रक्कम दिरांच्या संमतिपत्रापायी दोन पावसाळे पडून राहिली. नियमाप्रमाणे आम्ही चुकलो नव्हतो. ती बाई आमच्या टेबलापुढे किती वेळा येऊन गेली, हे मात्र कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

मदत ही कष्ट कोणी केले ते पाहून मिळत नाही, उताऱ्यावर नाव कोणाचे ते पाहून मिळते. यास्तव आपद्ग्रस्त भागात शेतीची उभारणी करणाराने पहिला फावडा मारण्यापूर्वी उतारा पाहावा. पतीने आपल्या हयातीत अर्ज करून पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावावे, यासाठी महसूल खात्याची 'लक्ष्मी मुक्ती' योजना १९९२ पासून आहे. त्यापूर्वीच कै. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने याच नावाची चळवळ चालविली होती आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली होती. मुलींचा वडिलार्जित मिळकतीतील हक्क आपल्या राज्याने १९९४ साली व देशाने २००५ साली मान्य केला, तो वेगळा विषय. येथे प्रश्न एका अर्जाचा आहे. आम्ही कित्येक वर्षे फेरफाराची नोंदवही सांभाळली. घर फोडणारे फेरफार पुष्कळ पाहिले, परंतु बायकोचे नाव सहधारक लावल्याने एखादे घर फुटले असे एकही उदाहरण आम्हांस आठवत नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडे. एकर निवडताना लबाडी होऊ नये. बाईस द्यावयाचा म्हणून माळाकडचा मुरमाड तुकडा काढून दिला आणि दोन वर्षांनी 'पाहा, काही होत नाही' असे म्हटले, तर त्यास प्रयोग म्हणत नाहीत. विहिरीजवळचा, गाडीवाट असलेला, घरापासून त्यातल्या त्यात जवळचा एकर निवडावा, आणि तो निदान तीन वर्षे मोडू नये.

पहिले काम बांधाचे, खताचे नव्हे. बांध फुटका ठेवून टाकलेला गाळ म्हणजे ओढ्यास दिलेले दान. वरच्या अंगाचे पाणी शेतात न शिरता कडेने निघून जाईल असा चर घ्यावा, बांधास दगडी सांडवा ठेवावा, ओढ्याच्या काठी वाळा, निर्गुडी, बांबू अशी माती धरणारी झाडे लावावीत. नंतर गाळ. ज्या शेतात उलट वाळूचाच थर येऊन बसला आहे तेथे आधी वाळू काढावी लागेल, गाळाची घाई तेथे करू नये. गाळ टाकून उन्हात तापू द्यावा, ढेकळे कुळवाने फोडावीत, आणि एकरी दहा-बारा गाड्या कुजलेले शेणखत घालावे. गुरे वाहून गेलेल्या गावात इतके शेणखत मिळणार नाही. तेथे पहिल्या पावसावर २० ते २५ किलो ताग वा धैंचा पेरून, फुलावर येताच, म्हणजे सहा-सात आठवड्यांनी, जमिनीत गाडावा. यात खरिपाचे एक पीक हातचे जाते. हे सोसणे कठीण आहे आणि ज्यास ते शक्य नसेल त्याने निम्म्याच एकरात ताग करावा. पण नव्या गाळाला जीव आणण्यास याहून स्वस्त उपाय आम्हांस माहीत नाही.

पिकांची वाटणी प्रत्येक घर आपल्या गरजेप्रमाणे करील. आम्ही आमच्या घरी गुंठ्यांत मांडून पाहिली ती अशी: बारा गुंठ्यांत मूग-उडीद, ते भाद्रपदात निघाले की त्याच जागी मालदांडी ज्वारी, चौदा गुंठ्यांत बाजरीत तुरीचे पाटे, सहा गुंठे भुईमूग, कडेने तीळ, पाच गुंठे भाजीपाला, विहिरीच्या पाटाशेजारी, उरलेले तीन गुंठे खताचा खड्डा, शेवगा, लिंबोणी व गाईची सावली यांस. एवढ्या तऱ्हेची पिके पाहून शेजारच्या एका गृहस्थांनी 'किराणा दुकान काढले आहे काय' असे विचारले. होय, असेच उत्तर दिले. बाजारभाव पडला, कीड आली, पाऊस तीन आठवडे लांबला, तर एकाच वेळी सारे बुडू नये हाच त्या दुकानाचा उद्देश आहे. पीक पाहणी २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवर नोंदवावयाची असते. अशा एकराची नोंद 'सोयाबीन' अशी एका शब्दात उरकून टाकू नये. जे पेरले ते सर्व लिहावे, नाहीतर पुढील पंचनाम्यात ते नव्हतेच असे होते.

राहिला कणगीचा रकाना. त्या म्हातारीचा प्रश्न आम्ही तीस वर्षे मनात बाळगला आहे आणि तो आपल्या मंडळाच्या सभासदांपुढे ठेवण्यासाठीच हा लेख लिहिला, असे म्हटले तरी चालेल. पुरात घर गेले तर सरकार देते, भांड्यांना देते, गुरांना देते. घरचे बी गेले तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असल्याशिवाय परत मिळत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जमवून घरीच बँक केली आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा मुलूख डोंगराळ, आपला काळ्या रानाचा. बियाणी वेगळी, पण रीत तीच चालेल. आपल्या मंडळाचे सभासद अनेक तालुक्यांत पसरलेले आहेत, व एकाच रात्री सर्वांकडे पूर येत नाही. प्रत्येक सभासदाने दर सुगीस आपल्या चांगल्या ज्वारीची, तुरीची, मुगाची, करडईची प्रत्येकी एक पायली निवडून, वाळवून, राखेत वा निंबाच्या पाल्यात घालून मंडळाच्या कोठीत ठेवावी आणि वर्षाने ती बदलावी. पावतीपुस्तक आम्ही लिहू. ते काम आम्हांस येते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावेत. सत्तर उगवले तर बी बरे समजावे, कमी उगवले तर त्या मानाने अधिक पेरावे किंवा बदलून घ्यावे.

परांडा भागातील ज्या सभासदांची रक्कम खात्यात जमा झाली आहे व अजून खर्च झालेली नाही, त्यांनी ती पाचही एकरांत वाटण्यापूर्वी एकदा घरी बसून खेपांचा हिशेब करावा; आणि हिशेबास बसताना घरच्या बाईसही बसवावे. ज्यांस उताऱ्यावर नाव लावण्याचा अर्ज लिहिता येत नाही त्यांनी मंडळाच्या कचेरीत बाजारच्या दिवशी दुपारी यावे. आम्ही तेथे असतो. आधारपत्र व चालू उतारा बरोबर आणावा.